रेशनकार्ड, सुकेळी आणि सखाराम गणेश पंडित

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. घरच्यांनी टोमणे मारून झाले, दोन ब्लॉगमित्रांनी 'जिवंत आहेस ना?' म्हणून विचारूनही झालं. आहे बाबांनो, जिवंत आहे. एक विषय मात्र बरेच महिने डोक्यात घोळत होता. त्याला कुठून हात घालावा ते कळत नव्हतं. आज घालतोच.

तर झालं असं, की जून २०२४ मध्ये, पावसाला नुकतीच सुरुवात झालेली, वाडीत पाऊल टाकलं की चपलेसकट चिखल वर येतोय असे दिवस, आणि सकाळी सकाळी मोठ्या मावशीचा फोन. मावशी फोनवर कधीच 'हॅलो' म्हणत नाही, थेट मुद्द्यावर येते. "अरे, तिकडे अमेरिकेत कायदा निघालाय म्हणे. नवरा-बायकोतला एक जण तिकडचा असला तर दुसऱ्याला कागद देणार. तू दिवसभर त्या इंटरनेटवर असतोस ना? वाच नीट, आणि मला सांग दादाचं होईल का."

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. नातेवाइकांना तो कोण हे सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगणार नाही. आमच्या वटारला आणि आजूबाजूला, नंदाखाल म्हणा, निर्मळ म्हणा, दर दुसऱ्या-तिसऱ्या घरातला एक तरी माणूस आखातात नाहीतर बोटीवर. दादाही १९९९ साली बोटीवर लागला. एका खेपेला अमेरिकेतल्या एका बंदरात उतरला तो परत बोटीवर चढलाच नाही. का, कसा, कोणाच्या सांगण्यावरून, हे सगळं घरात हळू आवाजात बोललं जायचं. पुढे २०११ साली त्याने तिथे लग्न केलं. बायको तिथली नागरिक, तिला आधीच्या लग्नाची एक मुलगी. ती मुलगी आज दादालाच 'डॅड' म्हणते. सगळं रीतसर, फक्त दादाचा कागद तेवढा नाही.

२०१६ साली त्याचे वडील गेले. चर्चमधून अंत्ययात्रा निघाली तेव्हा माझ्या हातात मोबाईल होता, आणि मोबाईलच्या त्या चौकोनात दादा. मध्येच रेंज जायची, चित्र थांबायचं. शवपेटी खाली सोडली तेव्हा नेमकं थांबलं. त्याने ते पाहिलंच नाही, आणि त्यानंतर मी त्याला ते कधी सांगितलंही नाही. आज इथे लिहितोय.

तर मावशीसाठी म्हणून वाचायला बसलो, आणि वाचता वाचता भलतीकडेच गेलो. आधी शंभर वर्षं मागे, मग पाचशे वर्षं मागे. इतिहासाची खोड असलेल्या माणसाला काही विचारू नये ते म्हणूनच!

*

आधी घरातली गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

माझ्या आईचं लग्न झालं तेव्हाची. त्या काळी (आणि बऱ्याच अंशी आजही) लग्न झालेल्या मुलीचं पहिलं सरकारी काम कुठलं? रेशनकार्ड. आधी माहेरच्या कार्डावरचं नाव कमी करायचं, तसा दाखला घ्यायचा, आणि तो दाखवून सासरच्या कार्डात नाव चढवायचं. आईचं माहेरचं नाव एका दिवसात कमी झालं. कमी करायला काय लागतं, एक लाल रेघ. सासरचं चढायला मात्र तीन महिने लागले. साहेब रजेवर, मग शिक्का नाही, मग फॉर्म संपले. ते तीन महिने माझी आई कुठल्याच कार्डावर नव्हती. तिच्या वाट्याची साखर माहेरी बंद झाली होती आणि सासरी सुरू झाली नव्हती. आजी (वडिलांची आई) गमतीने म्हणायची, "ही पोर तीन महिने बिनसाखरेची होती."

आता हीच गोष्ट साखरेऐवजी देशाच्या बाबतीत घडली तर? घडली होती. आणि त्या गोष्टीच्या मधोमध उभा असलेला माणूस नावाने तरी अगदी आपल्यातला वाटतो. सखाराम गणेश पंडित.

*

सखाराम गणेश पंडित. किती जणांनी हे नाव ऐकलंय? मीही ऐकलं नव्हतं. शाळेच्या इतिहासात लाला हरदयाळ आले, गदर पार्टी आली, पण हे नाव कुठे भेटलं नाही.

हा गृहस्थ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेला गेला. भारतीय तत्त्वज्ञानावर व्याख्यानं देत फिरला आणि शेवटी लॉस एंजेलिसला स्थिरावला. १९१४ साली तिथल्या न्यायालयाने त्याला अमेरिकन नागरिकत्व दिलं. मग तो कायदा शिकला, १९१७ साली कॅलिफोर्नियात वकिलीची सनद मिळवली, आणि १९२० साली लिलियन स्ट्रिंगर नावाच्या गोऱ्या अमेरिकन बाईशी लग्न केलं. घर झालं, जमीन झाली, वकिली चालू लागली. इथपर्यंत सगळं छान.

तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे परदेशातून आलेल्यांपैकी नागरिक कोणाला होता यायचं? 'गोऱ्या स्वतंत्र व्यक्तींना', आणि यादवी युद्धानंतर आफ्रिकन वंशाच्या लोकांना. बाकीच्यांना नाही. मग भारतीय माणूस गोरा की नाही? यावर एक न्यायालय हो म्हणायचं, दुसरं नाही म्हणायचं. पंडितांच्या बाबतीत हो म्हटलं गेलं होतं.

मग भगतसिंग थिंद यांचा खटला उभा राहिला. हे पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तिथे त्यांची बाजू मांडणारा वकील कोण? आपले सखाराम गणेश पंडित. १९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल लागला. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की शास्त्रज्ञ काय म्हणायचं ते म्हणोत, साध्या माणसाला गोरा म्हणजे कोण ते कळतं, आणि त्या अर्थाने हिंदुस्थानी माणूस गोरा नव्हे. गंमत म्हणजे हे सदरलँडसाहेब स्वतः जन्माने इंग्लंडचे, लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेले!

आता इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. थिंदसाठी पंडितांच्या बाजूने जो युक्तिवाद झाला तो वाचताना आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. 'आम्ही उच्चवर्णीय आर्य, आम्ही इथल्या मूळ रहिवाशांशी सोयरीक करत नाही, आमचं रक्त शुद्ध' असा त्याचा सूर होता. म्हणजे तिकडचा रंगभेद मोडायला इकडचा जातिभेद साक्षीला नेला. आणि हे मांडणाऱ्या माणसाची स्वतःची बायको कोण? जातीबाहेरची, धर्माबाहेरची, देशाबाहेरची. घरात एक आणि कोर्टात एक. पण त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते. बुडणारा माणूस हाताला लागेल ती फळी धरतो, मग ती फळी कुठल्या झाडाची ते बघत नाही.

निकाल लागला आणि सरकारने ज्या भारतीयांना आधीच नागरिकत्व दिलं होतं त्यांचंही काढून घ्यायला सुरुवात केली. त्यात पंडितही आले. आणि इथे माझ्या आईचं रेशनकार्ड येतं.

*

अमेरिकेत १९०७ साली एक कायदा झाला होता. अमेरिकन बाईने परदेशी माणसाशी लग्न केलं की तिचं नागरिकत्व गेलं, ती नवऱ्याच्या देशाची झाली. (नवऱ्याने परदेशी बाईशी लग्न केलं तर त्याचं काही जात नसे, हे सांगायला नकोच.) कॅलिफोर्नियातली एथेल मॅकेंझी नावाची बाई, बायकांच्या मताधिकारासाठी लढलेली, स्कॉटिश गायकाशी लग्न केलं म्हणून मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली तर नाकारली गेली. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९१५ साली हरली.

पुढे १९२२ साली केबल कायदा आला. त्याने बायकांचं नागरिकत्व नवऱ्यापासून वेगळं केलं, पण एक खुंटी तशीच ठेवली. नवरा जर 'नागरिक व्हायला अपात्र' वंशाचा असेल, म्हणजे आशियाई असेल, तर बायकोचं नागरिकत्व जाणारच. इंग्रजाशी लग्न केलंत तर चालेल, हिंदुस्थान्याशी केलंत तर देश गेला.

म्हणजे पंडितांचं नागरिकत्व मुळातच चुकीचं होतं असं ठरलं तर लिलियनचं काय होणार? जिचे आईबाप, जन्म, भाषा सगळं तिथलं, ती बाई एका सकाळी परकी. वर कॅलिफोर्नियाचा जमिनीचा कायदा असा, की नागरिक व्हायला अपात्र असलेल्या परकीयाला शेतजमीन धरता येत नाही. म्हणजे देशही जाणार आणि जमीनही. माहेरच्या कार्डावर लाल रेघ, आणि सासरचं कार्ड हिंदुस्थानातल्या इंग्रज सरकारच्या हातात.

ही काही कल्पनेतली भीती नव्हती. बंगाली क्रांतिकारक तारकनाथ दास यांची अमेरिकन पत्नी मेरी दास हिचं नागरिकत्व खरंच गेलं होतं. तिने १९२६ साली 'द नेशन' साप्ताहिकात आपली कैफियत मांडली. मूळच्या पेशावरच्या वैष्णोदास बगाई यांची कथा तर वाचवत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान, बायको कला आणि तीन मुलगे घेऊन १९१५ साली गेलेला माणूस, नागरिक झालेला. नागरिकत्व गेलं, दुकान गेलं, मायदेशी जायचं तर पासपोर्टही मिळेना. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली आणि मागे वर्तमानपत्राला लिहिलेलं पत्र ठेवलं. कला बगाई मात्र टिकून राहिल्या. मुलं शिकवली आणि कायदा बदलल्यावर स्वतः नागरिक झाल्या.

पंडितांनी काय केलं? दुसऱ्याचा खटला हरलेल्या वकिलाने स्वतःचा खटला लढवला. आणि या वेळी 'मी गोरा आहे' हे म्हटलंच नाही, म्हणजे त्याच्यावर भिस्त ठेवली नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. १९१४ साली तुमच्याच न्यायालयाने सगळं ऐकून मला नागरिक केलं. मी काही लपवलं नव्हतं, फसवलं नव्हतं. तुम्हाला तेव्हा अपील करता आलं असतं, ते तुम्ही केलं नाही. त्या कागदावर विसंबून मी मायदेशीचं सगळं सोडलं, वकील झालो, लग्न केलं, घर बांधलं. आता इतक्या वर्षांनी तुम्ही म्हणता ते सगळं झालंच नव्हतं?

खालच्या न्यायालयात ते जिंकले. १९२६ साली वरच्या, नवव्या मंडळाच्या न्यायालयातही जिंकले. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचिका ऐकायलाच नकार दिला. त्यानंतर बाकीच्या भारतीयांवरचे तसले खटलेही सरकारला गुंडाळावे लागले. रंगाचा वाद हरला, पण 'दिलेला शब्द मोडता येत नाही' हा वाद जिंकला.

केबल कायद्यातली ती खुंटी १९३१ साली निघाली. थिंद यांना स्वतःला १९३६ साली, माजी सैनिक म्हणून वेगळ्या कायद्याखाली, नागरिकत्व मिळालं. भारतीयांना सरसकट नागरिक होता येऊ लागलं ते २ जुलै १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने, आणि नवीन येणाऱ्यांचा कोटा किती, तर वर्षाला शंभर! आपले काका-मामा, इंजिनियर-डॉक्टर गेले ते १९६५ च्या कायद्याने दार उघडल्यावर. गणपती, दिवाळी अंक, महाराष्ट्र मंडळं हे सगळं त्यानंतरचं. त्या दाराची कडी काढणाऱ्यांत एक सखाराम होता हे किती मंडळांना ठाऊक असेल कोण जाणे.

*

असो. मी पाचशे वर्षांचंही म्हणालो होतो. ते थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्या दारातलंच आहे.

१५१० साली गोवा घेतल्यावर आफोंसो द अल्बुकर्कने आपल्या शिपायांना इथल्या बायकांशी लग्नं करायला उत्तेजन दिलं. अशा संसारी पोर्तुगिजाला म्हणायचे 'कझादू', म्हणजे नुसतं 'लग्न झालेला'. लग्न झालं की शिपाईगिरी सुटायची, जमीन, व्यापार, गावात मान मिळायचा. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली, आणि किल्ल्याच्या आत हे कझादू राहू लागले. आजूबाजूच्या गावांचा महसूल त्यांना नेमून दिलेला असे. पुढे १६६१ च्या करारात तर पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबईचं बेटच इंग्लंडच्या राजाला आंदण गेलं. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर लग्न आणि राज्य या दोन गोष्टी कधीच फार लांब नव्हत्या. लग्न करा आणि इथले व्हा, असं त्यांचं सरळ धोरण होतं. सरळ म्हणजे भलं नव्हे हं. त्यात बायकांना कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि इथलं पोर्तुगीज राज्य संपलं. गोवा मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत राहिला. या दोन तारखांमध्ये २२२ वर्षं. त्या २२२ वर्षांचा आज काय परिणाम? त्या तारखेआधी गोवा-दमण-दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येऊ लागलं. त्या पासपोर्टवर हजारो गोंयकार इंग्लंडात गेले, नवरा-बायकोला घेऊन गेले. मग ब्रिटन युरोपातून बाहेर पडलं आणि तिथेही एक तारीख आली, ३१ डिसेंबर २०२०. त्या दिवसाआधीचं नातं असेल तर जोडीदाराला जुन्या सवलतीने नेता येईल. नंतर लग्न केलंत तर नवे, कडक नियम.

आमच्या वसईत लोपीस आहेत, परेरा आहेत, डिसोजा-डाबरे आहेत. आडनाव तेच, चर्चची घंटा तशीच, पण त्या पासपोर्टच्या रांगेत आमचा नंबर लागत नाही, कारण आमच्या गावात पोर्तुगीज २२२ वर्षं आधी हरले! दादा एकदा फोनवर म्हणाला होता, "चिमाजीअप्पांनी जरा दमाने घेतलं असतं तर मी आज लिस्बनमार्गे घरी आलो असतो." आम्ही पोट धरून हसलो. मग दोघंही गप्प झालो.

*

आता मावशीच्या प्रश्नाकडे.

१८ जून २०२४ ला बायडन सरकारने ती योजना जाहीर केली. कायदा नव्हता तो, मावशीला तसं कोणीतरी सांगितलं होतं. गोष्ट अशी की अमेरिकन नागरिकाशी लग्न केलेल्याला ग्रीनकार्ड मिळतं हे आपल्याला सिनेमातूनही माहीत असतं. पण जो सीमेवरून बिनतपासणीचा आत आला, त्याला ते देशातल्या देशात मिळत नाही. त्याने आपल्या मूळ देशात जाऊन तिथल्या वकिलातीतून घ्यायचं. आणि १९९६ च्या कायद्याने पुढे सापळा लावून ठेवलाय. वर्षभराहून जास्त बेकायदा राहिलेला माणूस देशाबाहेर पडला, की दहा वर्षं परत येता येत नाही. म्हणजे कागद हवा तर बाहेर जा, आणि बाहेर गेलास तर दहा वर्षं दार बंद. माफीचा अर्ज करता येतो, २०१३ पासून तर निघण्याआधीच करता येतो, पण तो निकाली निघायला वर्षानुवर्षं लागतात आणि मिळेलच असं नाही.

या योजनेत अशा जोडीदारांना 'पॅरोल' देऊन, म्हणजे कागदोपत्री आत घेतल्यासारखं करून, तिथल्या तिथे अर्ज करू द्यायचा होता. अट अशी, की १७ जून २०२४ ला निदान दहा वर्षं सलग तिथे राहिलेला असावा आणि लग्नही त्या तारखेपर्यंत झालेलं असावं. नागरिकाची सावत्र मुलंही त्यात होती, त्या दिवशी २१ च्या आतली आणि अविवाहित, आईबापाचं ते लग्न मुलाच्या अठराव्या वाढदिवसाआधी झालेलं. सरकारचाच अंदाज होता की सुमारे पाच लाख जोडीदार आणि पन्नास हजार मुलं यात बसतील.

सावत्र मुलं! आपल्याकडे 'सावत्र' हा शब्दच कडू. कोणी दुर्लक्ष केलं की आपण म्हणतो 'सावत्र वागणूक'. इथे मात्र सावत्र नातं धरूनच मूल घरात ठेवायची तजवीज होती. मला ते फार आवडलं.

पण दादा? मी तीन दिवस वाचत होतो. बोटीवरचा खलाशी म्हणून उतरलेल्यासाठी देशातल्या देशात ग्रीनकार्डचा अर्ज करायची वाट कायद्यातच वेगळ्या कलमाने बंद केलेली आहे. बायको नागरिक असो, पंचवीस वर्षं राहिलेला असो. पॅरोलने ती उघडत नाही. व्हिसावर रीतसर गेला, मुदत संपून राहिला आणि नागरिकाशी लग्न केलं, त्याला वाट आहे. सीमा ओलांडून आला त्याच्यासाठी ही नवी वाट निघत होती. खलाशाला दोन्हीकडे नाही. दादाला त्याच्या वकिलानेही तेच सांगितलं. "जाता येईल केव्हाही. परत येता येईल याची हमी नाही."

मावशीला कसं सांगायचं? मी भ्याडपणा केला. म्हटलं, "अजून नियम यायचेत, बघू." तिला वाटलं होणार. पावसात सुकेळी होत नाहीत, नाहीतर तिने त्याच दिवशी राजेळी केळी सोलून उन्हात घातली असती.

१९ ऑगस्टला अर्ज सुरू झाले, फी ५८० डॉलर. टेक्सासच्या पुढाकाराने सोळा राज्यं न्यायालयात गेली आणि २६ ऑगस्टला, म्हणजे बरोबर एका आठवड्यात, टेक्सासमधल्या संघीय न्यायाधीशांनी मंजुऱ्या थांबवल्या. ७ नोव्हेंबर २०२४ ला त्यांनी योजनाच रद्द ठरवली. मुद्दा एका शब्दाचा होता. कायद्यात पॅरोल आहे तो देशाच्या 'आत' येण्यासाठी, आत असलेल्याला पुन्हा आत कसं घेणार? जानेवारी २०२५ मध्ये सरकारही बदललं, आणि तो विषय संपला.

*

माझा एक भाचा न्यू जर्सीत आहे, कंपनीच्या व्हिसावर, सगळे कागद चोख. त्याला हे सांगितलं तर तो चिडला. "मामा, आम्ही कर भरतो, रांगेत उभे आहोत, भारतीयांची रांग दशकांची आहे. मुलगी २१ ची झाली की आमच्या अर्जातून ती बाहेर पडेल. आणि ज्यांनी रांग मोडली त्यांना आधी?" त्याचंही खोटं नाही. त्याच्या मुलीचा एकविसावा वाढदिवस हीसुद्धा एक तारीखच आहे. मी त्याला एवढंच म्हणालो, की तुझी रांग हलत नाही ती दादामुळे नाही. तो म्हणाला, "माहीत आहे. पण राग कोणावर तरी काढायचा ना." प्रामाणिक उत्तर!

आणि आपण तरी काय वेगळं करतो? आपल्या नागरिकत्व कायद्यात भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला सात वर्षं इथे राहिल्यावर नोंदणीने नागरिक होता येतं. पण त्या कलमाच्या सुरुवातीलाच अट आहे, की तो 'बेकायदा स्थलांतरित' नसावा. म्हणजे आमच्याच गावात उद्या कोणी बिनकागदाची सून आली, दहा वर्षं राबली, पोरं झाली, तरी तिला दार नाही. परदेशी माणसं पकडल्याच्या बातम्या आपल्या पेपरात येतात तेव्हा आपण किती जण विचारतो, की याची बायको कुठली, पोरं कुठली? मी विचारत नव्हतो. दादा नसता तर आजही विचारलं नसतं, हे कबूल करतो.

मला वाटतं पंडितांनी कोर्टात जो मुद्दा धरला तोच खरा मुद्दा आहे. त्यांच्याकडे निदान १९१४ चा कागद होता, सरकारने दिलेला शब्द होता. दादाकडे तसा शब्द कोणीच दिलेला नाही, आणि चूक त्याची आहे हेही खरं. पण बिनकागदाचा माणूस पंचवीस वर्षं जगला, संसार केला, दुसऱ्याची मुलगी आपली म्हणून वाढवली, की तेवढ्या जगण्याचं वजन कधीतरी तागडीत पडायला हवं. किती वर्षांनी? दहा? वीस? ते ठरवणं सोपं नाही. पण 'कधीच नाही' हे उत्तर मला पटत नाही.

मावशीला शेवटी नोव्हेंबरात खरं सांगितलं. दोन्ही सांगितलं, योजना रद्द झाली हेही, आणि झाली नसती तरी दादा त्यात बसत नव्हता हेही. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग जूनमध्येच का नाही सांगितलंस? पाच महिने मी उगाच वाट बघितली." मला उत्तर देता आलं नाही. नंतर तीच म्हणाली, "बरं केलंस. पाच महिने बरे गेले."

ऊन तापलं की ती सुकेळी घालते. दरवर्षी. पानात गुंडाळून डब्यात ठेवते, दादा येईल म्हणून. पुढचा उन्हाळा आला की जुना डबा आम्हा भाचरांना वाटून टाकते आणि नवीन भरते. गेल्या वर्षीचा डबा आत्ता माझ्या टेबलावर आहे. दोन खाल्ली, बाकीची ठेवलीत.

तुमच्या घरात अशी कोणाची तारीख अडकली असेल तर लिहा. आणि हो, आईने हे वाचून सांगितलंय की साखर तीन नाही, चार महिने बंद होती. नोंद घ्यावी.